महावाहक

डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं डोकं हंड्यात होतं.

महाडच्या बाजारात कल्हईवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक भाता, एक खड्डा आणि वर फाटकं तरट. मी घरचं पातेलं टाकायला गेलो, तर तिथे धोतर आणि कोट घातलेला एक गृहस्थ जमिनीवर गुडघे टेकून, तांब्याच्या एका मोठ्या हंड्यात मानेपर्यंत शिरला होता आणि आतून ‘ऊंऽऽ, ऊंऽऽ’ असा आवाज येत होता. मला वाटलं, माणसाचं डोकं अडकलं. मी मागून खांदे धरून ओढायला लागलो. हंड्यातून उत्तर आलं, “थांबा हो. सूर सापडतोय.”

कल्हईवाला भाता न थांबवता म्हणाला, “असू द्या मास्तर. सकाळपासून ह्येच चाललंय. गिऱ्हाइकाचा हंडा हाय म्हनून, नायतर कवाच देऊन टाकला असता.”

थोड्या वेळानं डोकं बाहेर आलं. कपाळाला काजळी, चष्मा तिरपा आणि चेहऱ्यावर मोठं समाधान. “हा पेटीतल्या काळी चारच्या आसपास आहे,” त्यांनी मला सांगितलं, जणू मी तेच विचारायला आलो होतो. “प्रत्येक पोकळीचा एक सूर असतो. तोच लावला तर ती आपणहून गाते. दुसरा कुठलाही लावा, ढिम्म.”

“माणसांचंही तसंच असतं,” मी म्हणालो. मी मराठीचा शिक्षक. अशी वाक्यं मला सवयीनं सुचतात.

“माणसांचं मला माहीत नाही,” ते म्हणाले. “माणसं आतून इतकी स्वच्छ नसतात.”

दुसऱ्या दिवशी हेच गृहस्थ आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. कपाळाची काजळी अजून पुरती गेलेली नव्हती. आमचे विज्ञानाचे शिक्षक सत्राच्या मध्येच मुंबईला कारखान्यात लागले होते आणि हेडमास्तरांनी हे रत्न कुठून तरी पैदा केलं होतं. ओळख करून देताना ते म्हणाले, “हे डॉक्टर. औषधाचे नव्हेत.” तेव्हापासून सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत आणि निम्मं महाड त्यांना जीभ काढून दाखवी.

ते मूळचे करंजकोंडचे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की चढाच्या सुरुवातीला उजव्या हाताला ही वाडी लागते. घरची भाताची खाचरं, वरकस जमीन, वडील लवकर गेलेले. आईनं शिकवलं. पोरगा महाडला शिकला, मुंबईला शिकला, तिथून विलायतेला गेला आणि परत येऊन मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत लागला. तिथे त्यांना हवा होता द्रवरूप हेलियम, म्हणजे जगातली जवळजवळ सगळ्यात मोठी थंडी. ती तयार करणारं यंत्र परदेशातून यायचं होतं आणि ते काही केल्या येत नव्हतं. कधी बोट चुकली, कधी परवाना अडला. यंत्र येईपर्यंत नुसतं बसून काय करायचं, म्हणून डॉक्टर लांबलचक रजा घेऊन गावाकडे आले होते.

त्यांचं संशोधन काय, हे मी एकदा गांधारी नदीच्या काठी फिरताना विचारलं. हा प्रश्न त्यांना विचारू नये, असं मी पुढे नव्या शिक्षकांना सांगत असे. ते अंधार पडेपर्यंत बोलले. पण एक सांगतो, त्या दिवशी मला ते समजलं, आणि विज्ञानातलं मला समजलेलं ते एवढंच.

“झोपाळ्यावर मूल बसलंय असं धरा,” ते म्हणाले. “प्रत्येक झोक्याला, अगदी नेमक्या क्षणी, हलका धक्का द्या. झोका वाढत जातो. आम्ही अणूच्या आतल्या कणाला असेच धक्के देतो. धातूची पोकळ भांडी एकापुढे एक मांडायची, त्यांत विजेच्या लाटा उसळवायच्या, आणि लाट योग्य वेळी पाठीला लागेल अशा बेतानं कण त्यांतून सोडायचा. प्रत्येक भांड्यात एक धक्का. शेवटी कण असा सुटतो, की अणू फोडून आत काय आहे ते दाखवतो.”

“मग अडतं कुठे?”

“तांब्यात अडतं,” ते दुःखानं म्हणाले. “तांबं विजेला विरोध करतं. ओतलेली बहुतेक वीज भांडं तापवण्यातच जाते. विहिरीवरून गळक्या घागरीनं पाणी आणण्यासारखं आहे ते. पण काही धातू असे आहेत, की ते पुरेसे थंड केले की त्यांचा विरोध संपतो. शिसं तसं आहे. म्हणून तांब्याच्या भांड्याला आतून शिशाचा मुलामा द्यायचा आणि सगळं हेलियममध्ये बुडवायचं. मग घागर गळत नाही.”

“म्हणजे कल्हई,” मी म्हणालो.

त्यांनी माझा हात धरला. “मास्तर, विलायतेत मी हे मोठमोठ्या लोकांना समजावलं. कल्हई हा शब्द त्यांच्याकडे नाही, म्हणून मला तासन्‌तास लागायचे.”

आता त्यांची तऱ्हा सांगतो. अशा भांड्यात आत धुळीचा कण राहिला तरी सगळा खेळ बिघडतो, त्यामुळे स्वच्छतेचं त्यांना वेड होतं. मात्र ते फक्त पोकळ वस्तूंपुरतं. त्यांच्या कोटाची बटणं एका घरानं चुकलेली असत, धोतराला शाईचे डाग, चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या. पण हॉटेलात चहा आला की ते कप उलटा करत, म्हणजे आधी चहा बशीत ओतत, मग कप उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आत पाहत. हॉटेलवाला हवालदिल होई. एकदा त्यानं वैतागून विचारलं, “काय दिसतंय आत?” डॉक्टर म्हणाले, “एक कण.” “कसला?” “तो प्रश्न नाही. एक पुरतो.” त्यानंतर त्या हॉटेलात डॉक्टरांचा कप वेगळा, खुंटीला टांगलेला असे आणि हॉटेलवाला इतर गिऱ्हाइकांना तो अभिमानानं दाखवी.

दुसरी गंमत म्हणजे थंडी. उण्या दोनशे सत्तर अंशांच्या गप्पा मारणारा हा माणूस, महाबळेश्वराकडून जरा गार वारा सुटला की मफलर, माकडटोपी आणि वर घोंगडी अशा थाटात शाळेत येई. मुलं हसत. ते वर्गात सांगत, “थंडी धातूला मानवते. मला नाही.”

आणि विजेच्या विरोधावरून उचललेलं त्यांचं एक पालुपद होतं: “रोध कुठे आहे?” पोरगा गणितात नापास झाला, हेडमास्तरांची सही मिळेना, गांधारीला पूर आला, काहीही घडलं तरी डॉक्टर शांतपणे विचारायचे, “रोध कुठे आहे?” आमचे चित्रकलेचे आणि पीटीचे शिक्षक खोलीतल्या एका खिडकीवरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, एकाला ती उघडी हवी, दुसऱ्याला बंद. डॉक्टरांनी रोध शोधला. खिडकीचा कोयंडा करकरत होता, त्याला तेल घातलं. खिडकी आवाज न करता उघडायला आणि मिटायला लागल्यावर दोघांनाही तिच्यात गोडी राहिली नाही.

असा हा माणूस फक्त एका ठिकाणी हतबल होता. आईपुढे.

मी त्यांच्याबरोबर करंजकोंडला प्रथम गेलो तेव्हा आम्हाला पोलादपूरहून चालत जावं लागलं. महाबळेश्वरला जाणारी गाडी वाडीवरून जायची, पण थांबायची नाही. वाडीचे लोक रस्त्याच्या वर, वाघजाईच्या दगडापाशी उभे राहून हात करत. देवीला नमस्कार केल्याशिवाय गाव सोडायचं नाही, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. ते हात करत आणि गाडी धूर सोडत निघून जाई. बायका डोक्यावर बोचकी घेऊन बाजाराला चालत जात आणि चालत येत. आईचा गुडघा तेव्हाच धरायला लागला होता. मुंबईला चल म्हटलं तर ती म्हणे, “तितं मला कोन वळखतंय?”

करंजकोंडात मात्र तिला चांगलंच ओळखत. का ते मला त्याच दिवशी कळलं. ओटीवर बसतो न बसतो तोच शेजारचे गोविंदनाना आले. वाडीतले जाणते. डॉक्टरांना हात जोडून म्हणाले, “आलास बाबा. आता काय ती यष्टी थांबव. आई तुजी म्हनली हाय, पोरगा येल तवा थांबल म्हनून.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे. आई अभिमानानं म्हणाली, “मास्तर, ह्यो कंडक्टरवर काम करतो. सादा कंडक्टर नाय, सुपर.”

मग उलगडा झाला. विलायतेहून आल्यावर आईनं विचारलं होतं, बाबा, तू करतोस तरी काय? डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं होतं: “आये, मी सुपरकंडक्टरवर काम करतो.” आईनं ते व्याकरणशुद्ध ऐकलं. कंडक्टर, त्याच्यावर सुपर कंडक्टर, आणि त्याच्याही वर आपला पोरगा. एवढ्या उंचीवरच्या माणसाला एक गाडी थांबवणं काय जड? तिनं सगळ्या कोंडाला, म्हणजे अख्ख्या वाडीला, शब्द देऊन टाकला. तेव्हापासून पाणवठ्यावर तिला पुढची जागा मिळत होती.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “सांगून टाका तिला खरं काय ते.”

“सांगितलंय,” डॉक्टर म्हणाले. “हंडा घेऊन समजावलं. तांब्याचं भांडं, आतून शिशाची कल्हई. ती म्हणाली, शिशाची? त्यात आमटी करायला कुनाला सांगू नको, पोटं जातील. तेवढ्यावर विषय संपला.” मग चालता चालता म्हणाले, “मास्तर, यंत्र आलं की मला जावं लागेल. ती इथे एकटी. आणि लोक रोज तिला विचारणार, गाडी कधी थांबणार म्हणून. मी खोटा पडलो तर चालेल. तिचा शब्द खोटा पडायला नको.”

हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब, विज्ञान नसलेलं बोलणं. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

यानंतर जे झालं त्याचं श्रेय लोक मला देतात आणि मी ते नाकारत नाही. पोलादपूरच्या वाचनालयानं डॉक्टरांचं व्याख्यान ठरवलं. विषय विचारायला चिटणीस आले, डॉक्टर म्हणाले, “सुपरकंडक्टर.” मी म्हणालो, छे, व्याख्यान मराठीत आणि विषय इंग्रजीत? मी शब्द घडवायला बसलो. ‘अतिसंवाहक’ सुचला, पण तो उच्चारला की अतिसाराची आठवण येते. अखेर सापडला: ‘महावाहक’. महापौर, महामंत्री यांच्या पंगतीला बसेल असा भारदस्त. मी आजही म्हणतो, शब्द उत्तम होता. गाडीतल्या कंडक्टरला नेमका त्याच सुमारास सरकारनं ‘वाहक’ केलं, त्याला मी काय करणार?

चिटणीसांनी बाजारात मोठ्या अक्षरांत फळा लावला: ‘महावाहक : आजचे अडथळे आणि उद्याची गती’. खाली डॉक्टरांचं नाव, मुक्काम मुंबई.

वाचनालयाच्या व्याख्यानांना एरवी चिटणीस, त्यांचे मेहुणे आणि मी इतके श्रोते असत. त्या संध्याकाळी मैदान भरलं. वरच्या कोंडांतून माणसं नारळ आणि हार घेऊन आली होती. दासगावचा एक जण, गाडी होडीची वाट पाहत नाही ही तक्रार घेऊन आला होता. महाडच्या डेपोतले साहेब कडक इस्त्रीत, दोन ड्रायव्हर बरोबर घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. मुंबईहून कोणी महावाहक येतोय आणि आपल्याला खबर नाही म्हणून बिचारे धास्तावले होते. बायकांच्या बाजूला, सगळ्यांत पुढे, नवं लुगडं नेसून डॉक्टरांची आई बसली होती.

डॉक्टरांना एवढी गर्दी पाहून भरून आलं. विज्ञानाची ही ओढ, असं त्यांना वाटलं. टेबलावर हंडा ठेवून ते बोलायला लागले आणि खरं सांगतो, सुंदर बोलले. “आपली बहुतेक शक्ती अडथळ्यांतच वाया जाते,” म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. “पण अडथळा समूळ नाहीसा करता येतो,” म्हणाले, टाळ्या. डेपोतल्या साहेबांनी घाम पुसला. मग डॉक्टर रंगात येऊन म्हणाले, “आणि एकदा अडथळा गेला, की सुरू झालेला प्रवाह कुठेही न थांबता अखंड फिरत राहील!”

टाळी वाजली नाही. मैदानात कुजबुज सुरू झाली. गोविंदनाना उठले.

“डाक्टर, समदं पटलं,” ते म्हणाले. “पन ती कुटंच थांबनार नसंल, तर आमी चढायचं कसं?”

डॉक्टरांचा हात हंड्यावरच राहिला. त्यांना सगळं एकदम कळलं. हार कशाला, नारळ कशाला, इस्त्री कशाला. त्यांनी आईकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलून वेळ मारून नेतील. पण त्या माणसाला ते येत नव्हतं.

“नाना, मी गाड्यांच्या खात्यात नाही,” ते म्हणाले. “माझा कंडक्टर म्हणजे धातूचा तुकडा. विजेला वाट देणारा. गाडीशी माझा संबंध तिकिटापुरता.”

कोणी हसलं नाही, हे त्या लोकांचं मोठेपण. आईनं पदर सावरला.

“म्हंजी तू कंडक्टरवर नाय?”

“नाय, आये.”

“मी समद्या कोंडाला सांगून बसले रे,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मैदानातल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं आणि मला माझ्या चपलांकडे बघावंसं वाटलं.

डॉक्टर टेबलामागून बाहेर आले, पहिल्या रांगेपाशी गेले आणि डेपोतल्या साहेबांसमोर उभे राहून त्यांनी हंड्याबद्दल विचारावं तितक्याच गंभीरपणे विचारलं, “साहेब, करंजकोंडाला रोध कुठे आहे?”

साहेब महावाहकाच्या धाकातून सुटल्यामुळे इतके खुशीत होते, की त्यांनी ताबडतोब आपल्या एका ड्रायव्हरला उभं केलं. तो दाजी ड्रायव्हर. अवाढव्य माणूस, तोंडात पान. म्हणाला, “वाघजाईपाशी हुभी राहत्यात मानसं. तितं उभा चढ हाय. भरलेली गाडी थांबवली तर पुना उचलत नाय, मागं येती. खाली वढ्यावरल्या मोरीपाशी सपाट हाय. तितं मी गाडी हळू करतोच, गेर बदलायला. तितं घेईन की. पन ही मानसं कशी चढतात ठावं हाय ना? एक चढनार, दुसरा बोचकं शोदनार, तिसरी पोराला हाक मारनार. तेवड्यात वरनं गाडी आली म्हंजी? मोरीवर दोन गाड्या मावत नाय.”

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी तो हंड्यातून बाहेर आल्यावरचा आनंद पाहिला. “अहो, हा तर माझाच विषय आहे,” ते म्हणाले.

पुढचे काही दिवस शाळा सुटली की डॉक्टर करंजकोंडला आणि मी त्यांच्यामागे. त्यांचं म्हणणं असं, की कण एकेकटे, रेंगाळत आले तर लाट त्यांना सोडून पुढे जाते. म्हणून ते घोळक्यानं, नेमक्या वेळी आले पाहिजेत. “लाट कणासाठी थांबत नाही,” त्यांनी मोरीवर उभं राहून अख्ख्या वाडीला सांगितलं. “कणानं लाटेच्या वेळेला हजर राहायचं.” आईनं त्याचं लगेच भाषांतर केलं: “गाडी कुनासाटी थांबत नाय. आपुन हजर रायाचं.”

मग तालीम. गाडीची भूमिका डॉक्टरांकडे. माकडटोपी, मफलर, पुढे छत्री आडवी धरलेली, तोंडानं ‘पों पों’ करत ते वळणावरून मंद गतीनं येत. मोरीपाशी गती कमी. घोळका पुढे सरके. आधी म्हातारी माणसं, मग बोचकीवाल्या बायका, शेवटी तरणे, कारण त्यांना पळता येतं. सुटे पैसे मुठीत. वाघजाईचा नमस्कार आधीच उरकून खाली यायचं; हा ठराव गोविंदनानांनी देवीला कौल लावून मंजूर करून घेतला. पहिल्या दिवशी बायका इतक्या हसल्या, की ‘गाडी’ तीनदा रिकामी गेली. आई एकटी हसत नव्हती. “दात काय काढताव गो,” ती ओरडली, “गाडी जाईल ना!” तिचं सगळं पणाला लागलं होतं.

साहेबांनी एक दिवस नेमून दिला. गाडी अडकली नाही तर थांबा मंजूर, अडकली तर विषय कायमचा बंद. तेही स्वतः गाडीत पुढे बसून यायचे होते. त्याच आठवड्यात मुंबईहून तार आली: यंत्र बंदरात उतरलं, ताबडतोब या. डॉक्टरांनी तार माझ्याकडे दिली आणि ते मोरीकडे निघाले. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते यंत्र एका गाडीसाठी बंदरात थांबलं.

नेमलेल्या दिवशी अख्खी वाडी नमस्कार आटोपून मोरीपाशी घोळका करून उभी होती. वळणावर दाजीची गाडी दिसली. गाडी हळू झाली, घोळका सरकला, सगळं तालमीसारखं. आईनं पहिलं पाऊल पायरीवर ठेवलं आणि काय वाटलं कोण जाणे, ती मागे वळली आणि वर वाघजाईच्या दिशेनं हात जोडून उभी राहिली. मागचा सगळा कोंड खोळंबला.

“आये, रोध!” डॉक्टर ओरडले.

“देवीला रोध म्हनतोस?” आईनं तिथूनच सुनावलं, नमस्कार पुरा केला आणि वर चढली. तिच्यामागे बाकीचे असे चढले, जसं हंड्यात पाणी ओतावं. दाजीनं पान थुंकून गेर टाकला, गाडी एकदा गुरगुरली आणि चढाला लागली. मागे तसूभरही आली नाही.

रस्त्यावर फक्त डॉक्टर आणि मी उरलो. बघण्याच्या नादात आम्ही स्वतः चढायचे राहून गेलो होतो. खिडकीतून साहेबांनी हात वर करून मंजुरी दिली आणि मागच्या खिडकीतून आईचं डोकं बाहेर आलं. ती आपल्या पोराकडे बघत नव्हतीच. ती आतल्या लोकांना सांगत होती, “थांबवली का नाय? माजा पोरगा बोलला म्हंजी बोलला!”

आम्ही दोघं पोलादपूरला चालत आलो. वाटेत मी त्यांना डिवचलं, “काय डॉक्टर, उभा जन्म काही थांबू नये म्हणून झटलात आणि शेवटी एक गाडी थांबवायला धावलात.” ते म्हणाले, “मास्तर, कण शेवटी कुठेतरी पोचावा लागतो. नुसता पळवून काय करायचंय?” दुसऱ्या दिवशी ते मुंबईला गेले. स्टँडवर मी थोडा रडलो, आणि ते मफलर विसरून गेले.

ते परत आले ते बऱ्याच काळानं, मेच्या सुटीत. महाडच्या स्टँडवर मी त्यांना घ्यायला गेलो. बटणं अजून एका घरानं चुकलेलीच होती. उतरल्या उतरल्या मला म्हणाले, “वाजलं.”

“काय वाजलं?”

“भांडं. सूर लावला, मग लाट बंद केली, तरी वाजत राहिलं. आम्ही सगळे नुसते ऐकत बसलो.” रस्त्यात भर गर्दीत त्या माणसाचे डोळे पाणावले होते. माझेही. मला त्यातलं काही समजलं नव्हतं असं कोणी म्हणू नये.

आम्ही महाबळेश्वरच्या गाडीत बसलो. कंडक्टर नवा होता. डॉक्टरांनी पैसे पुढे केले आणि करंजकोंडची दोन तिकिटं मागितली.

“करंजकोंड?” तो विचारात पडला. “असा थांबा नाय या लाइनीला. पुढं सुपर हाय, मग घाट.”

“सुपर काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“मोरीपाशी. सुपरच म्हनतात सगळे. कुनीतरी सुपर कंडक्टर होऊन गेला म्हनं, त्यानं चालू केला.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस हंडा, कल्हई, हेलियम सगळं त्या पोराला समजावणार आणि घाट संपेपर्यंत आम्ही उतरत नाही. त्यांनी तोंड उघडलंही होतं. मग ते मिटून ते म्हणाले, “बरं. दोन सुपर द्या.”

वळण आलं, गाडी हळू झाली. मोरीपाशी घोळका तयार होता. म्हातारी माणसं पुढे, बोचकी डोक्यावर, मुठी मिटलेल्या. बाजूला काठी टेकून आई उभी होती. लेकाला न्यायला आली होती. डॉक्टर दारात आले, तिला पाहिलं आणि पायरीवरच थबकले, नुसते बघत राहिले. मागे मी अडलो, माझ्यामागे आणखी दोघं.

आईनं काठी रस्त्यावर आपटली.

“उतर की लवकर,” ती म्हणाली. “गाडी काय तुज्यासाटी थांबनार हाय?”